तीन कागदी गोळे

कँटनमध्ये कुणी गेलं की त्याची माणसं माझ्या दुकानात येतात, आणि चहाचा पेला संपायच्या आत मला कळतं, खरं दुःख कुणाला झालंय. खरं दुःख झालेला भाव करत नाही. बांबूच्या कामट्या आणि रंगीत कागद यांची घरं, कपडे, नोकरचाकर मी बनवतो. जाळलं की पलीकडे गेलेल्या माणसाला पोचतं. चाळीस वर्षांत माल पोचला नाही अशी तक्रार एकही नाही.

आउवहिनी आल्या त्या एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीचं सामान घ्यायला. नवरा आउ फोक-शिंग, परदेशी गलबतांवरून अफूच्या पेट्या चोरून आणणाऱ्या होड्यांवर वल्हेकरी होता. मजुरी अर्धी नाण्यांत, अर्धी मालात. आपण इंग्रजांशी लढाई हरलो, पेट्या दुप्पट यायला लागल्या आणि आउचं घर रिकामं होत गेलं. शेवटी त्यानं स्वतःला अकरा दिवस खाटेला बांधून घेतलं आणि अफू सोडली. मनगटावरचे दोरीचे वळ कधी गेले नाहीत. तीन वर्षं तिला शिवला नाही, तसाच मेला.

वहिनींनी घर घेतलं, कपडे घेतले. मी नवा नमुना पुढे सरकवला: कागदाची नळी, दिवा, अफूचे काळे गोळे.

"नको, माकभावजी. त्यांनी सोडली होती."

"वर गेल्यावर कसलं पथ्य, वहिनी? इथं तडफडला, तिथं तरी सुखानं ओढू दे."

त्यांनी नळीवरून एकदा बोट फिरवलं. मग भाव न करता तीन गोळे घेतले.

पंधरा दिवसांनी पुन्हा आल्या. "घरात वास येतो," म्हणाल्या. "गोडसर. देव्हाऱ्यापाशी."

"उदबत्ती बदला."

"आणि रजई गेली. पेटीला कुलूप तसंच आहे."

पुढच्या आठवड्यात तांब्याची किटली गेली. त्याच्या पुढच्या आठवड्यात त्यांची चांदीची बांगडी, हातात असताना. मी चेष्टेवर न्यायला गेलो, पण वहिनी हसल्या नाहीत.

"ते अफू ओढायचे तेव्हाही हाच क्रम होता, भावजी. रजई, किटली, बांगडी."

बांगडीनंतर काय गेलं होतं, हे मी विचारलं नाही. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. थोरली मुलगी, अफूपायी विकलेली. आता घरात धाकटी होती, सतरा वर्षांची युन-हिंग.

चार दिवसांनी भर दुपारी साखरेचे व्यापारी फुंगशेठ दुकानात आले. बरेच खुशीत होते.

"नवरीची पालखी हवी. थोरल्याचं लग्न ठरलं."

"पण शेठ, तुमचा थोरला तर..."

"गेल्या वर्षी बुडाला. म्हणून तर तुमच्याकडे आलो, सुताराकडे नाही गेलो!" ते मोठ्यानं हसले. "रोज आईच्या स्वप्नात येऊन बायको मागतो. मुलगीही कुणाची तरी गेलेलीच असणार. बाप स्वतः जन्मवेळेचा कागद देऊन गेला."

"मुलीचं देज काय मागितलं?"

"तीच तर गंमत! कागदी अफू. शंभर गोळे, आणि तुमच्याच दुकानातले. परवा तुम्ही दुकानात नव्हता, तुमच्या सुनेकडून नेले, काल जाळले."

"दिसायला कसा होता बाप?"

"वाळलेला. मनगटांवर वळ होते, दोरीचे असावेत. चहा दिला तर प्यायला नाही, नुसता वास घेतला."

माझ्या हातातली कामटी मोडली. मी कागद मागितला. त्यांनी बाहीतून लाल घडी काढली. आउ घराणं. युन-हिंग. जन्म वाघाच्या वर्षातला.

"शेठ, ही मुलगी जिवंत आहे."

 फुंगशेठांनी कागद दोन बोटांनी माझ्याकडे ढकलला. "न्या. आत्ताच्या आत्ता न्या. मला माहीत नव्हतं हो."

मी पळालो. सदुसष्टाव्या वर्षी, चपला दुकानात टाकून.

आउंच्या दारात ऊन होतं. आतून भात शिजल्याचा वास येत होता. फक्त भाताचा. युन-हिंग चुलीपाशी पाठमोरी बसून पालक निवडत होती.

मला बघून वहिनी उठल्या. मी कागद त्यांच्या हातात कोंबला. "जाळू नका, कुणाला देऊ नका. उशाशी ठेवा."

"हा तर पेटीत होता," त्या म्हणाल्या.

"आता आलाय ना परत? मिटलं."

"काका, चहा ठेवू?" युन-हिंगनं विचारलं. आवाज नेहमीचाच होता. मी तिथंच जमिनीवर बसलो आणि कितीतरी दिवसांनी हसलो.

ती पेले घ्यायला वळली. तिची वेणी दिसत नव्हती. केस तेल लावून घट्ट वर घेतलेले, लग्नाच्या सकाळी बांधतात तसला अंबाडा.

"हे कुणी बांधलं, पोरी?"

"काय माहीत," ती म्हणाली. "सकाळी उठले तेव्हा असाच होता. आई कधीची सोडवतेय, सुटतच नाही."