प्रवाहाविरुद्धचा ठिपका

काशीदच्या किनाऱ्यावर जाळ्यातून सुटलेला बोया, म्हणजे जाळं तरंगतं ठेवणारा गोळा, वाहून आला, तर तो कुणी घरी नेत नाही. प्रत्येक बोटीचा रंग ठरलेला असतो आणि बोया ज्याचा त्याला पोचता होतो. दत्ता सरांना निवृत्तीनंतर या बोयांचा नाद लागला. कुठलं जाळं कधी तुटलं, बोया कुठे लागला, किती दिवसांनी लागला, हे त्यांनी सात वर्षं टिपून ठेवलं आणि त्यावरून एक प्रोग्राम लिहिला. समुद्रात सुटलेली वस्तू वाऱ्याबरोबर कुठवर जाईल, ते तो नकाशावर ठिपक्यांनी दाखवी, एक ठिपका म्हणजे एक शक्यता. जन्मभर पोरांना गणित शिकवलेल्या माणसाचं दुसरं काय होणार, असं त्यांची बायको श्यामला म्हणे. संगणक तेरा वर्षांचा होता आणि तिच्या लेखी ते डबडं होतं. दहा हजार ठिपके सोडले की डबडं धापा टाकत संध्याकाळ करी. म्हणून सरांनी अलिबागच्या दुरुस्तीवाल्याकडून रॅमच्या दोन जादा क्षमतेच्या पट्ट्या आणून ठेवल्या होत्या. रविवारी निवांत बसवायचा बेत होता.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता सुचिता सरांच्या सुपारीच्या वाडीतून धावतच आली. कोळीवाड्यातली, सरांची एकेकाळची विद्यार्थिनी. पायात चपला नव्हत्या.

"सर, दीपेशची बोट बंद पडली. पाच मानसं हायत. पाणी शिरतंय बोलला वायरलेसवर, मंग आवाजच न्हाय."

दीपेश तिचा नवरा. त्याचा शेवटचा निरोप पहाटे साडेपाचचा, किनाऱ्यापासून वीस मैलांवरचा. तेव्हापासून ईशान्येचा वारा बोट आणखी बाहेर लोटत होता. सरकारी यंत्रणेला कळवून झालं होतं. धक्क्यावर एकच बोट उरली होती, दीपेशचे वडील गुणाजी तांडेल यांची. बाकी सगळ्या मासेमारीला गेल्या होत्या. गुणाजींना अंधार पडण्याआधी समुद्राची एकच बाजू धुंडाळता येणार होती. कुठली, ते दत्ता सरांनी सांगायचं होतं.

सर लगेच कामाला लागले. डबा उघडला, धूळ झटकली, जुन्या पट्ट्या काढून नव्या खट्कन बसवल्या. मशीन सुरू झालं. सरांनी शेवटच्या निरोपाची जागा, वेळ आणि वारा भरला. रॅमचा वेग नेहमीचाच ठेवला होता, तेराशे तेहतीस मेगाहर्ट्झ. ठिपके पसरायला लागले. दहा हजारांचा थवा नैर्ऋत्येला, खोल समुद्रात निघाला. अपेक्षा होती तसाच. फक्त सावकाश. या वेगाने उत्तर यायला दुपारचे तीन वाजले असते.

साडेदहाच्या सुमारास सरांनी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, सेटिंगच्या निळ्या पडद्यावर गेले आणि रॅमचा वेग सोळाशे केला. जुन्या मशीनला असं पळवणं म्हणजे म्हाताऱ्या बैलाला शर्यतीत उतरवणं, हे त्यांना कळत होतं. तरी केलं.

थवा पुन्हा नैर्ऋत्येला निघाला. एक ठिपका मात्र मागे राहिला आणि हळूच पूर्वेला वळला.

"सर, हा एकटा का येतोय?" सुचिताने विचारलं.

"चूक असेल."

अकरा वाजता त्यांनी वेग अठराशे सहासष्टवर नेला. मशीन अडकलं. पडदा काळा. त्यांनी विजेचा दाब किंचित वाढवला आणि पुन्हा सुरू केलं. या वेळी ते तगलं. डब्यातून तापलेल्या धुळीचा वास येत होता. ठिपका आता झपाट्याने किनाऱ्याकडे येत होता, वाऱ्याच्या विरुद्ध, ओहोटीच्याही विरुद्ध.

सरांना भीती वाटली. वेग वाढवला की उत्तर लवकर येतं, उत्तर बदलत नाही. ही गोष्ट ते सहावीच्या पोरालाही शपथेवर सांगू शकले असते. रॅम चुका करत असेल, या शंकेने त्यांनी तपासणीचा प्रोग्राम चालवला. एकही चूक निघाली नाही.

पावणेबाराला त्यांनी वेग उतरवून पुन्हा तेराशे तेहतीस केला. ठिपका नाहीसा झाला. दहा हजारच्या दहा हजार नैर्ऋत्येला.

"परत आना त्याला," सुचिता म्हणाली. तिचा आवाज अगदी हळू होता.

बाराला वेग पुन्हा वाढवला. ठिपका परत आला. तीन वाजता तो कोर्लईच्या पश्चिमेला बारा मैलांवर असणार होता.

फोन वाजला. गुणाजी होते.

"सर, इंजिन चालू हाय. कुठं जाऊ?"

सरांनी नकाशाकडे पाहिलं. एका बाजूला नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव ठिपके, आणि त्यांचं आयुष्यभराचं गणित. दुसऱ्या बाजूला एक. सुचिताने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिची नजर त्या एकावर खिळली होती.

"कोर्लईच्या पश्चिमेला," सर म्हणाले. "बारा मैल."

"वाऱ्याच्या उलट, सर?"

"हो. जा."

तीन वाजून दहा मिनिटांनी गुणाजींचा निरोप आला. सापडले. पाचही जण. सुचिता जमिनीवर बसली आणि ढसाढसा रडली. श्यामलाने तिला पोटाशी धरलं. सरांनाही रडू आवरेना. त्या आनंदात सगळेच धक्क्यावर धावले. मशीन बंद करायचं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीपेश स्वतः आला. तळहात सोललेले, ओठ फुटलेले, पण हसत. श्यामलाने चहा दिला. ती आत गेल्यावर तो जवळ सरकला.

"सर, एक सांगू? बाबांना सांगितला न्हाय."

"सांग."

"साडेदहाला बोटीचा पुढचा दोर आपसूक पाण्यात गेला. ताठ झाला. पुढं कोनी नव्हता, सर. आन् बोट चालाय लागली, वाऱ्याच्या उलटी."

सरांनी कप खाली ठेवला.

"मधी दोनदा ढिला पडला. एकदा अकराला. एकदा बाराच्या आधी. तवा वाटला, संपला आता."

अकराला मशीन अडकलं होतं. पावणेबाराला वेग त्यांनीच उतरवला होता. सरांनी मशीनकडे पाहिलं; ते कालपासून चालूच होतं.

"मंग बाबांची बोट आली. पन दोर सोडंना आमाला. शेवटी कोयत्यानं तोडला."

"बुडाला?"

"न्हाय."

दीपेश खिडकीबाहेर बघत राहिला. सुपारीच्या झाडांपलीकडे समुद्र शांत होता.

"तुटला तरी तसाच ताठ. पाण्यावरून सरळ जात राहिला, सर. इकडंच. तुमच्या वाडीकडं."