शेवटचा हात

रंगकामात डोळ्यावर विसंबू नये, हे यादोराव पंचवीस वर्षं रेल्वेचे डबे रंगवून शिकला होता. डोळा लबाड. उजेड बदलला की त्याचं मत बदलतं. खरं सांगतो तो तळवा, आणि तोही डावा, कारण उजव्याला ब्रशानं घट्टे पडलेले असतात. डोळे मिटायचे, तळवा लाकडावर ठेवायचा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवत न्यायचा. जिथं तो अडखळेल तिथं काम बाकी.

त्याचे उस्ताद चुन्नीलाल म्हणायचे, "रंग ऐसा लगे कि हाथ का पता ना चले." यादोरावला ते आयुष्यात एकदाही साधलं नव्हतं. साहेब लोक खूश व्हायचे, पण त्याच्या तळव्याला ब्रशाच्या केसांच्या बारीक रेघा हमखास लागायच्या, आणि घरी गेल्यावर जेवताना त्या आठवायच्या. मग एकाच वर्षात नोकरी संपली आणि बायको रुख्माही गेली. मूलबाळ नव्हतं. गोंदियाच्या त्या दोन खोल्यांत बोलायला कोणी उरलं नाही, म्हणून तो भिंतीच रंगवत बसे. एकदा पूर्ण झाल्या की पुन्हा पहिलीपासून.

त्यामुळे त्रेपन्न सालच्या चैत्रात ओव्हरसियर हिरालाल घरी आला आणि म्हणाला, "बोदलकसा तलावाच्या सरकारी बंगल्यावर एक शिडाची होडी पडली आहे, मोठे साहेब बघायला येणार आहेत, जरा नवी करून द्या," तेव्हा यादोरावनं काही विचारलंसुद्धा नाही. ब्रश कापडात गुंडाळले, ट्रंक भरली आणि सकाळची पॅसेंजर धरली. तिरोड्याला उतरून पुढं बैलांची बंडी.

बंगला तलावाच्या काठी होता, पण काठ त्या दिवसांत लांब गेला होता. पाणी आटून मधे बरीचशी भेगाळलेली माती उघडी पडली होती. मागं साग आणि मोहाची झाडं. मोहाचा आंबूस गोड वास सगळीकडे भरून राहिलेला. शेड बंगल्याच्या बाजूला, उंचावर. तीन बाजूंनी मातीच्या भिंती, वर कौलं, समोरची बाजू सताड उघडी. आत टेकूच्या चार लाकडी घोड्यांवर होडी ठेवली होती. दहा-एक हात लांब, पोटाशी रुंद, टोकाशी निमुळती. डोलकाठी वर आढ्याला बांधलेली होती, आणि शिडाचं कापड उंदरांनी केव्हाच संपवलं होतं.

बंगल्याचा चौकीदार भोजराज. जातीनं ढिवर, मासेमार, वय पन्नाशीचं, अंगानं सुकलेला पण खांदे अजून पोहणाऱ्याचे. त्यानं पाण्याची बादली शेडच्या उंबऱ्याबाहेर ठेवली.

"आत आणून दे ना, भोजराजभाऊ."

"इथंच ठेवतो जी," तो म्हणाला. "लागन तेव्हा घ्या."

पुढंही तसंच. दुपारचं जेवण, भात आणि तलावातले लहान मासे, तो उंबऱ्याबाहेर ठेवी, हाक मारी आणि मोहाच्या सावलीत जाऊन बसे. यादोरावला त्यात काही वाटलं नाही. मनुष्य अबोल असतो एकेक.

पहिले तीन दिवस त्यानं जुना रंग खरवडला. रंगाचे थर नको तितके होते. पांढऱ्याखाली हिरवा, हिरव्याखाली पुन्हा पांढरा, मग निळा. कोणीतरी ही होडी पुन्हा पुन्हा रंगवली होती. मग त्यानं जवसाच्या तेलात पांढरी भुकटी मळून लापी केली, भेगा भरल्या आणि काचकागदानं घासायला घेतलं. चौथ्या दिवशी खाली बसून घासताना त्याच्या लक्षात आलं, की घोड्यांचे पाय खालून वीतभर काळपट झाले आहेत. हात लावला तर ओले. जमीन मात्र कोरडी होती, पावलागणिक धूळ उडत होती. लाकूड जुनं आहे, ओल खेचत असेल, असं त्यानं मनाशी म्हटलं.

पाचव्या दिवशी अस्तराचा हात दिला. सहाव्या दिवशी सकाळी येऊन पाहतो तर ओल होडीच्या तळापर्यंत चढलेली.

तो बराच वेळ उकिडवा बसून पाहत राहिला. शेडची जमीन मागच्या बाजूला उतरती होती, त्यामुळे होडीही तशीच कलती बसवलेली होती. ओलीची रेघ मात्र होडीच्या कलानं जात नव्हती. मागं ती फळीवर चार बोटं चढली होती आणि पुढं जेमतेम कण्याला टेकली होती. सुतारानं दोरी धरून आखावी तशी, सपाट. त्यानं ट्रंकेतून तेलाची अर्धी बाटली काढली, आडवी धरली, आणि बाटलीतलं तेल त्या रेघेशी ताडून पाहिलं. तेल आणि रेघ एका पातळीत होती.

मातीच्या भिंतींवर काही नव्हतं. त्यानं बोटांनी उकरून पाहिलं. भुगा पडला.

मग सवयीनं त्यानं डोळे मिटले आणि डावा तळवा होडीवर ठेवला. रेघेच्या वर नेहमीचंच काम होतं, चांगलं, पण नेहमीचं. तळवा खाली सरकला, रेघ ओलांडली, आणि यादोरावचा श्वास थांबला. खाली तळव्याला काहीच लागलं नाही. ब्रश नाही, कागद नाही, लाकडाचा दाणा नाही. गार, अखंड, जणू कोणाचा हात तिथं कधी लागलाच नव्हता.

त्या दिवशी तो जेवायला विसरला.

त्यानंतर रोज रेघ वीतभर चढत गेली आणि यादोराव रोज सकाळी तिच्या आधी शेडमध्ये जाऊ लागला. गडद हिरव्या रंगाचा पहिला हात झाला. रेघेखाली तो रंग सुकत नव्हता, पण बोटालाही लागत नव्हता. बाहेर उन्हानं कौलं तडकत होती. आत त्याला घाम येईना, तहान लागेना. पक्ष्यांचे आवाज लांबून, रजईतून यावेत तसे येत. एकदा हातातला काचकागद सुटला. तो झुलत झुलत, या कुशीवरून त्या कुशीवर होत, फार वेळानं जमिनीला टेकला. यादोरावनं तो उचलला आणि कामाला लागला. त्याला भीती वाटत नव्हती, हे त्याला नंतर आठवलं. वाटत होतं ते वेगळंच. घरच्या दोन खोल्यांतली शांतता त्याला खायला उठायची. इथली शांतता त्याला धरून होती.

आठव्या दिवशी दुपारी तो जेवायला बाहेर आला. भोजराज नेहमीसारखा सावलीत गेला नाही. उभाच राहिला. यादोरावच्या धोतराकडे पाहत होता. धोतर मांडीपर्यंत अंगाला चिकटलं होतं आणि त्यातून पाणी निथळत होतं.

यादोरावनं भातात हात घातला. मग न राहवून विचारलं, "भाऊ, ही होडी कोणाला घेऊन बुडाली होती काय?"

"नाही जी. बुडन कशी? पाण्यात गेलीच नाही ते."

"कधीच नाही?"

"कधीच नाही. इंग्रज साहेबानं कलकत्त्याहून आणली होती. आज उतरवतो म्हणे, उद्या उतरवतो म्हणे. रंग मनासारखा बसून नाही राहिला म्हणे. एकटा मानूस होता. दिवसभर तिथंच घासत राहे. मंग बदली झाली त्याची. चार जनांनी धरून मोटारीत बसवला. मी पाह्यलं ना. बसून नव्हता राहत."

यादोरावनं पुढचा घास कालवला. भोजराजनं शेडकडे न बघता विचारलं, "कुठपावत आलं?"

"काय?"

"मी ढिवर आहो, पेंटरबाबू. पानी मले समजते. कुठपावत आलं?"

यादोरावला खोटं बोलावंसं वाटलं. मग तो म्हणाला, "मांडीच्या वर."

"मंग आज घरी चाला. बंडी जुपून देतो."

"रंगाचे दोन हात बाकी आहेत."

"कायले पायजे दोन हात? साहेब लोकायले काय समजते?"

"मला समजतं," यादोराव म्हणाला. आपला आवाज एवढा चढलेला त्यानं कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

भोजराजनं ताट उचललं. अर्धा भात तसाच होता.

दुसऱ्या दिवशी रेघ कमरेला होती. तिसऱ्या दिवशी छातीला. अकराव्या दिवशी सकाळी होडीच्या काठाखाली फक्त वीतभर पट्टी कोरडी उरली होती, आणि यादोरावनं शेवटचा हात सुरू केला.

त्यानं मागच्या टोकाकडून सुरुवात केली. ब्रश जड नव्हता. हातही जड नव्हता, उलट खांद्याशी धरून ठेवावा लागत होता, नाहीतर आपसूक वर जाई. एक फळी झाली. दुसरी झाली. दुपार झाली असावी, कारण बाहेर उंबऱ्याशी कोणीतरी बोलत होतं. शब्द कळत नव्हते. आवाज वरून येत होता.

होडीचं पोट आता काळ्या आरशासारखं झालं होतं. त्यात शेडचं उघडं तोंड दिसत होतं, मोहाची झाडं दिसत होती. आणि ब्रश धरलेला एक म्हातारा.

यादोराव वाकून स्वतःला पाहू लागला. चेहरा त्याचाच होता. गालावर हिरव्या रंगाचा शिंतोडा होता, तोही खरा. फक्त केस.

त्याचे पांढरे केस डोक्यावरून उभे राहिले होते आणि सगळे मिळून सावकाश एका बाजूला कलत होते. मग दुसऱ्या बाजूला. शेवाळ कलावं तसे.

त्यानं डोक्याला हात लावला. केस चप्प बसलेले होते.

आरशातल्या म्हाताऱ्यानं हात लावला नाही. तो रंग देत राहिला.

तेव्हा यादोरावच्या ध्यानात आलं, की आपण कधीपासून श्वासच घेतलेला नाही. घ्यावा असंही वाटत नव्हतं. एक हातभर पट्टी उरली होती. तेवढी झाली की झालं.

त्यानं मान वळवली. उंबऱ्यावर भोजराज उभा होता. त्यानं अंगातला सदरा काढून टाकला होता. दोन्ही हात कमरेवर ठेवून तो छाती भरून श्वास घेत होता आणि सोडत होता. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा त्यानं गाल फुगेस्तोवर श्वास घेतला, तोंड घट्ट मिटलं, आणि डोळे अर्धवट झाकून, हातांनी समोरचं काहीतरी बाजूला सारत, त्या कोरड्या शेडमध्ये उतरला.

भोजराजची बोटं यादोरावच्या दंडात रुतली.

यादोरावनं झटका दिला. ब्रश सुटला. तो खाली पडला नाही.

एवढंच त्याला आठवत होतं. पुढं कडक ऊन होतं, तोंडात माती होती, आणि बाजूला भोजराज गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होता. त्याच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं. यादोरावच्या छातीत पहिला श्वास गेला तो करवतीसारखा.

"एक हातभरच राहिलं होतं रे," तो रडत म्हणाला.

"राहू द्या," भोजराज म्हणाला. "राहू द्या जी."

संध्याकाळच्या आत त्यानं यादोरावला तिरोड्याला नेऊन गाडीत बसवलं. ट्रंक दिली, ब्रश मात्र शेडमध्येच राहिले. आणायला दोघांपैकी कोणी गेलं नाही.

गोंदियाला आल्यावर यादोरावनं भिंती रंगवल्या नाहीत. दार उघडं टाकून तो ओसरीत बसू लागला, येणाऱ्याजाणाऱ्यांशी स्वतः होऊन बोलू लागला. शेजारच्या शकुंतलाबाईंनी एकदा चहा दिला, तर तासभर बसला. बरं वाटायला लागलं होतं. पहिल्यासारखं नाही, पण माणसात.

आठ-नऊ दिवसांनी बाजारात त्याला हिरालाल भेटला. हातात भाजीची पिशवी, चेहरा खुललेला.

"अरे यादोरावजी! आज इकडे? काम खतम?"

यादोरावनं मान हलवली. अर्धं टाकून आलो हे कसं सांगावं, याची तो मनात जुळवाजुळव करत होता. "एक पट्टी राहिली आहे वर," तो म्हणाला. "तब्येत बिघडली म्हणून निघून आलो. आठ-नऊ दिवस झाले."

हिरालाल हसला. "मजाक करता काय? काल दुपारी मी स्वतः बंगल्यावर होतो. तुम्ही तीच पट्टी लावत होता. आणि काय रंग बसला आहे हो! काच आहे, काच. हाताचा पत्ताच लागत नाही."

बाजारात कोणीतरी कांद्याचं पोतं धप्पकन खाली टाकलं. यादोरावचा हात शेजारच्या दुकानाच्या खांबाकडे गेला.

"तुम्ही आत आलात?" त्यानं विचारलं.

"नाही, तो भोजराज येऊ कुठं देतो? आडवाच झाला. दारातूनच हाक मारली. तुम्ही वळला नाहीत, बोलला नाहीत. पण ऐकू आलं असावं, कारण हात वर केलात."

"कसा?"

"कसा म्हणजे?"

"कसा वर केला? दाखवा."

हिरालालला गंमत वाटली. त्यानं भाजीची पिशवी खाली ठेवली, थोडं आठवल्यासारखं केलं आणि भर बाजारात उजवा हात उचलला. आधी कोपर आलं. मग मनगट, मागं राहिल्यासारखं. बोटं सगळ्यांत शेवटी, सुटी, एकमेकांपासून अलग होत, हळूहळू वर गेली आणि तिथंच, काही न धरता, हलत राहिली.