सहा नंबरची बादली

मॅडम, एक सही हवी होती. फॉर्मालिन संपत आलंय, मागणीपत्र आणलंय. नाही नाही, घाई नाही, हातातलं काम होऊ दे. हा टेबलावरचा दिवा तेवढा पलीकडे वळवता का? आज उजेड डोळ्यांना टोचतोय. आणि डोक्याला पंचा बांधलाय तो उन्हामुळे. आता सकाळच्या पारी कसलं ऊन म्हणाल, तर म्हणा.

घड्याळात किती वाजले? सव्वादहा. बरं. वेळ आहे अजून.

मी जरा बसतो. सव्वीस वर्षांत तुमच्यासमोर कधी खुर्चीवर बसलो नाही, आज बसतो. तुम्ही सगळे मला मामा म्हणता. शिकायला येणारी पोरं तर कवटीमामा म्हणतात, माझ्या तोंडावर. मला राग येत नाही. सबंध शवागारात कवटी उघडून मेंदू अखंड बाहेर काढावा तर मीच, हे तुम्हीच दहा जणांना सांगितलंय. त्याच हातांबद्दल बोलायचंय. मधे थांबवू नका. थांबलो तर पुन्हा जमेल की नाही, सांगता येत नाही.

चार महिन्यांपूर्वी माझी भावजय गेली. धाकट्या भावाची बायको. तुम्ही रिपोर्ट लिहिलात, की मेंदूच्या तळाच्या नसेवर जन्मापासून फुगा होता, तो फुटला, आत रक्त साचलं आणि बाई गेली. कानावरचं निळं पडताना लागलेलं. कुणाचा दोष नाही. त्या कागदावर माझा भाऊ सुटून घरी आला.

तो कागद खोटा आहे, मॅडम. तुम्ही नाही खोटं लिहिलंत. समोर दिसलं तेच लिहिलंत. पण तुमच्यासमोर होता तो मेंदू तिचा नव्हताच.

ऐका, भावानंच नंतर सांगितलं ते. भाऊ नळाची कामं करतो. घरात कायम दोन-तीन पान्हे पडलेले असतात. त्या दिवशी सकाळी नऊला काहीतरी कुरबूर झाली आणि त्यानं हातातला पान्हा तिच्या कानाच्या वर घातला. एकदाच. ती भिंतीवर आदळली, खाली बसली आणि दोन मिनिटांनी उठली. उठून तिनं पोरीची वेणी घातली, शाळेत सोडलं, स्वयंपाक केला. मी एकटा माणूस, माझा डबा तिच्याकडूनच यायचा. अकराला ती डबा घेऊन इथं आली. या दारात उभी राहिली.

म्हणाली, "भाऊजी, डबा दिला ना मी तुम्हाला?" डबा तिच्याच हातात होता. मी घेतला. म्हटलं, अगं, हे डोक्याला काय झालं? हसली. म्हणे, कपाटाचं दार लागलं. वाटेत एकदा उलटी झाली म्हणाली. आणि मग पुन्हा, "भाऊजी, डबा दिला ना मी तुम्हाला?" पाच वेळा विचारलं, मॅडम. पाच वेळा!

मला कळलं. आपल्याला नाही कळणार तर कुणाला? कानाच्या वरचं हाड पातळ, त्याच्या आतून नस जाते. ती फुटली की माणूस पडतो, उठतो, बोलतो, हसतो, घरचं सगळं करतो. तीन तास, चार तास. आणि आत हाड आणि मेंदूच्या आवरणामधे रक्त साचत जातं, मेंदूला दाबत जातं. तिच्या एका डोळ्याची बाहुली मोठी झाली होती. मी बघितली. वॉर्ड इथून चाळीस पावलं. पण वॉर्डात नेलं असतं तर कसं लागलं ते विचारलं असतं, पोलीस आले असते, भाऊ आत गेला असता. आईनं जाताना माझ्या हातात हात दिला होता त्याचा.

मी म्हणालो, घरी जा, पड जरा. बरं वाटेल.

तीनला ती गेली.

किती वाजले? साडेदहा का?

तुम्ही मला त्या दिवशी सुट्टी देत होता. घरचं माणूस आहे, मामा, तुम्ही नका करू. मी म्हटलं, तिला परक्याचा हात लागायला नको. तुमचे डोळे भरून आले. माझी जीभ झडली कशी नाही त्या वेळी! पोट बघून तुम्ही कोर्टाच्या फोनसाठी बाहेर गेलात आणि मी करवत चालवली. हाडाला चीर नव्हती, जवान माणसाला कधीकधी नसते. कवटीची टोपी उचलली, आणि आत तळहाताएवढी गुठळी. काळी, जाड, हाडाला चिकटलेली. मी नळ पूर्ण सोडला आणि ती बोटांनी खरवडून धुऊन काढली. बेसिनच्या जाळीतून जाईना. अंगठ्यानं कोंबली, मॅडम. तिच्या डोक्यातलं रक्त अंगठ्यानं कोंबलं मी.

पण गुठळी गेली तरी तिनं दाबलेली जागा राहते. मेंदूवर बशीसारखा खड्डा होता. तो मला धुता येईना. म्हणून तो मेंदू तुम्हाला नीट दिसायच्या आत मी टांगला. रोजच्यासारखाच, तळाच्या मधल्या नसेखालून दोरा ओवून, बादलीच्या काठाला बांधून, फॉर्मालिनमधे उलटा. पाच नंबरच्या बादलीत. शेजारी सहा नंबरमधे त्या शिक्षिकेचा मेंदू होता, वॉर्डात नसेचा फुगा फुटून गेलेल्या बाईचा, तुम्ही पोरांना दाखवायला ठेवलेला. वयही तेवढंच. रात्रीतून काही केलं नाही मी, भर दुपारी जेवणाच्या सुट्टीत चिठ्ठ्या बदलल्या. पंधरा दिवसांनी तुम्ही पाच नंबर म्हणून शिक्षिकेला कापलंत आणि पोरांना म्हणालात, बघा, हा फुगा.

भाऊ सुटला. मला वाटलं, मिटलं.

दुसऱ्या दिवशी अकराला बेसिनमधे गुठळी होती. चमचाभर. मला वाटलं, जाळीत अडकलेलं वर आलं असेल. धुतली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. अकरालाच. रोज थोडी मोठी. मी जाळी बदलली, पाइप बदलला, बेसिन कोरडं करून त्याला फडकं कोंबलं. फडक्यावर गुठळी. आणि हात लावला तर कोमट.

इथं येणारं कुणी कोमट नसतं, मॅडम.

मग वास यायला लागला. फॉर्मालिननं नाक मेलेलं असतं आपलं, पण अकरा वाजले की या खोलीत गरम जेवणाचा वास. आणि सहा नंबरच्या झाकणाखालून टक्... टक्... जणू आतून कुणी बादलीला डोकं टेकवतंय. झाकण काढलं की दोरा पीळ सोडत असायचा. मेंदू सावकाश फिरायचा आणि खड्डा माझ्याकडे करून थांबायचा. मी बादली पलीकडे वळवून ठेवायचो. सकाळी खड्डा परत माझ्याकडे. जाळायला पाठवायचं दहादा ठरवलं, हिंमत झाली नाही.

तरी मी गप्पच राहिलो असतो. इतका मी नीच आहे. पण परवा बिट्टी, माझी पुतणी, नऊ वर्षांची, माझ्याजवळ येऊन बसली. केस कानावर ओढून घेतले होते. मी बाजूला केले. कानाच्या वर निळं. म्हटलं, बाळा, हे काय? म्हणाली, "काका, कपाटाचं दार लागलं."

मॅडम... भावाच्या घरात कपाटाला दारच नाही.

किती वाजले? हो, हो, सांगितलंत मघाशी. पुन्हा सांगा.

आता उठा आणि सहा नंबर उघडा. दोरा हळू उचला. उजव्या बाजूला कानाच्या वरचा भाग बघा, खड्डा दिसेल. त्यावरून पुन्हा रिपोर्ट लिहा, त्याला आत टाका आणि पोरीला त्या घरातून बाहेर काढा. एवढंच मागायला आलोय. सही-बिही काही नको.

काय? नाही?

असं कसं नाही... नीट बघा. दिवा जवळ घ्या. भरलेला? सगळीकडे सारखा? अहो, फॉर्मालिनमधे घट्ट झालेला खड्डा भरून येतो होय! आज सकाळी सातला मी स्वतः बघितला. माझं बोट बसलं त्यात. सातला होता.

म्हणजे नऊनंतर गेला.

बसा मॅडम. आता पंचा सोडतो. घाबरू नका. सातला इथून भावाच्या घरी गेलो. पोरगी शाळेत जाईपर्यंत थांबलो. मग भावाला म्हटलं, चल, आपण दोघं जाऊन सांगू. तो हसला. मग रडला. मग म्हणाला, तुझ्याच हातांनी धुतलंस ना रे, दादा? आणि पान्हा घातला. नऊ वाजले होते. मी पडलो. उठलो. तोंड धुतलं. चालत आलो. वाटेत एकदा उलटी झाली. इथं... कानाच्या वर. हात लावून बघा.

फोन फिरवताय? फिरवा. पण वॉर्डाला नंतर. आधी शाळेला. बिट्टीला घरी सोडू नका म्हणावं, बाप आला तरी सोडू नका. मग पोलिसांना. हां... लागला? सांगा, सांगा.

सांगितलंत? सुटलो, मॅडम. आता ट्रॉली येऊ दे. आली तर आली. नाही वाचलो तर डोकं तुम्ही उघडा, दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका. आणि नळ... नळ बंद ठेवा. आतलं जे निघेल ते तसंच कागदावर घ्या. त्यात त्याचं नाव आहे.

तो वास येतोय का तुम्हाला? गरम... जेवणाचा?

वाजले किती? अकरा? असं काय बघता माझ्याकडे... दारात उभी राहून पाय दुखले माझे. डोकं पण जरा... काही नाही, कपाटाचं दार लागलं.

डबा दिला ना मी तुम्हाला, भाऊजी?