एक्याण्णवच्या कप्प्यातली चिठ्ठी

उद्या पहिल्यांदाच कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये जाणार आहेस ना? मग तो मोबाइल ठेव बाजूला, आणि तुझ्या या दोघी मैत्रिणींनाही जरा पुढे सरकून बसू दे. वकिलीची सनद मिळाली म्हणजे सगळं कळलं असं नसतं, बाई. ही गोष्ट तुझ्या मामीच्या भावाची, म्हणजे माझ्या मेहुण्याची आहे. तो थापा मारणाऱ्यातला नाही. थापा मारता आल्या असत्या तर तो आयुष्यभर वकिलाचा कारकून कशाला राहिला असता, वकीलच नसता का झाला?

सहा वर्षांपूर्वीची, सतरा जानेवारीची रात्र. गुरुवार होता. त्याच्या वकीलसाहेबांकडे शिवणकाम करणाऱ्या एका बाईंचं प्रकरण होतं. बाई राहत्या घरात राहणार की रस्त्यावर येणार, ते दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ठरणार होतं. त्यांच्या वडिलांनी जुन्या दाव्यात लेखी तडजोड केली होती आणि घर यांचंच असं त्यात साफ लिहिलेलं होतं. पण तो कागद फाइलमध्ये, आणि फाइलचा पत्ता नाही. संगणकावर नंबर टाकला की एकच ओळ यायची : ‘निकाली. कागद आढळत नाहीत.’ न्यायाधीशांनी शेवटची मुदत दिली होती, आणि शोधासाठी त्या दिवशी रेकॉर्ड रूम उशिरापर्यंत उघडी ठेवा, असंही लिहून दिलं होतं.

तिथली रीत आधी समजून घे. फाइल कप्प्यात लावायची ती निकालाच्या वर्षाने, दावा दाखल झाल्याच्या नाही. आणि फाइल काढली की तिच्या जागी चिठ्ठी ठेवायची. कोणी नेली, कधी नेली, परत कधी आली. जागा रिकामी सोडायची नाही.

हा साडेनऊला आत गेला. रेकॉर्डकीपर बाहेर टेबलाशी किल्ल्यांचा जुडगा घेऊन बसला होता. याच्या हातात कोऱ्या चिठ्ठ्यांचं पॅड आणि वकीलसाहेबांचं हिरव्या शाईचं पेन. दावा शहाऐंशीचा, निकाल एक्याण्णवचा. तो सरळ एक्याण्णवच्या कप्प्याशी गेला. नंबर बरोबर, जागा बरोबर. तिथे फाइल नव्हती. चिठ्ठी होती, पिवळी पडलेली. नक्कल काढण्यासाठी नेली, त्र्याण्णव साल, खाली सही. परत केल्याची तारीख कोरी.

ती सही त्याने ओळखली. जुन्या रेकॉर्डकीपरची. नव्या कारकुनांना काम शिकवताना हा माणूस ओरडायचा नाही, नुसता चष्म्यावरून बघायचा. त्याच्यावर ही फाइल गायब केल्याचा ठपका आला आणि नोकरी गेली. त्यानंतर तो दोन वर्षं रोज त्या दारात येऊन उभा राहायचा. म्हणायचा, “मला आठवलंय. फक्त एकदा आत सोडा.” कोणी सोडलं नाही. आमच्या मेहुण्यानेसुद्धा एकदा त्याला पाहून मान फिरवली होती. हे त्याने मला फार वर्षांनी सांगितलं. तो माणूस तसाच वारला.

तर हा चिठ्ठी हातात धरून उभा. म्हणजे फाइल गेलीच, असं त्याच्या मनात आलं. त्या बाईंना उद्या काय तोंड दाखवणार... आणि तेवढ्यात आवाज आला. पलीकडच्या रांगेत कोणीतरी बस्त्याची, म्हणजे फाइली बांधलेल्या गाठोड्याची, गाठ सोडत होतं. सुती कापड, जुनी गाठ. नखांनी सोडवावी लागते ती.

“कोण आहे?”

गाठीचा आवाज थांबला.

त्याला वाटलं, रेकॉर्डकीपर आला असेल. चिठ्ठी जागेवर ठेवून तो वळसा घालून गेला. त्या रांगेत दिवा नव्हता. मोबाइलचा उजेड पाडला. कोणी नाही. पायऱ्यांचं लाकडी स्टूल कप्प्याला लावलेलं. वर एक बस्ता, अर्धवट बाहेर ओढलेला. गाठ सुटलेली.

कप्प्यावर आकडा होता शहाऐंशी.

दाखल वर्ष. तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला. फाइल गायब झालीच नव्हती. घाईत परत लावताना त्या माणसाचा हात चुकला होता, निकालाच्या वर्षाऐवजी दाव्याच्या वर्षात गेली होती. तेच त्याला आठवलं होतं. तेवढंच सांगायचं होतं.

तो स्टुलावर चढला. फाइल काढली. तडजोडीचा कागद आत होता, बाईंच्या वडिलांच्या सहीसकट.

मग स्टूल हललं.

खालून कोणीतरी धरलं होतं. तो पडू नये म्हणून धरावं तसं... दोन्ही हातांनी.

त्याने खाली पाहिलं नाही.

गुडघ्याजवळून आवाज आला. हळू. समजुतीचा.

“चिठ्ठी...”

हातातलं पॅड खाली पडलं. पेनही पडलं. फाइल छातीशी धरून तो कसा बाहेर आला, त्याला आजही सांगता येत नाही. रेकॉर्डकीपर टेबलाशीच बसला होता. म्हणाला, “काय झालं? मी तर इथून उठलोही नाही.” त्याने फाइलची नोंद केली, याच्यासमोर कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी अकराला कागद वाचला गेला. बाईंचं घर राहिलं. त्या कोर्टाच्या पायरीवर बसून रडल्या, आणि हाही रडला. पण तो कोणासाठी रडत होता ते त्यांना कळलं नाही.

संध्याकाळी फाइल परत आली. रेकॉर्डकीपरने दिवसभरात पहिल्यांदाच कुलूप काढलं. फाइल योग्य जागी लावायची म्हणून दोघं एक्याण्णवच्या कप्प्याशी गेले. पिवळी चिठ्ठी होती तिथेच होती. मेहुण्याने ती उचलली.

परत केल्याची तारीख भरलेली होती. सतरा जानेवारी. शेजारी सही, तीच, जुनी.

शाई हिरवी होती. त्याने अंगठा फिरवला, तर ती अंगठ्याला लागली.