मांडीतला ब्रेक

बजाबाने पहिल्याच पायरीवर धाडकन गुडघा टेकला आणि त्याच्या पाठीवरच्या खुर्चीत बांधलेले आबा पुढे हिंदकळले. शर्वाणीने धावत येऊन खुर्ची सावरली.

आजोबांना, म्हणजे आबांना, फुरसे चावले होते. सापाच्या विषावरचे इंजेक्शन डोंगराच्या पायथ्याशी, दवाखान्यात. त्यांनी चालायचे नाही, आणि वाऱ्यामुळे रोपवे बंद. उरला आबांनीच बनवलेला यंत्रमानव, बजाबा. पाण्याची पिंपे पाठीवर घेऊन हा पठ्ठ्या रोज डोंगरमाथ्यावरच्या वेधशाळेपर्यंत चढायचा. मग उतरतानाच कसा कोसळला?

"मी पायऱ्या कधी उतरलोच नाही, ताई," बजाबा म्हणाला. "वर चालत येतो, खाली रोपवेने जातो."

"त्याचे पाय आपल्यासारखेच केलेत गं," आबा क्षीण आवाजात म्हणाले. "मांडीच्या पुढच्या बाजूला चतुःशिर स्नायू (चार तोंडांचा स्नायू). चारही तोंडं एकत्र येऊन गुडघ्याची वाटी धरतात आणि तिच्याखालून नडगीच्या हाडाला जोडली जातात. स्नायू आखडला की पाय सरळ होतो."

"आणि गुडघा वाकताना?"

"मागचे स्नायू ओढतात. पुढचा सैल. तसंच शिकवलंय मी त्याला."

आबांचे पाऊल सुजून टम्म झाले होते. शर्वाणीने स्वतःच्या मांडीवर हात ठेवला आणि एक पायरी सावकाश उतरली. गुडघा वाकत होता, तरी हाताखालचा स्नायू दगडासारखा कडक.

"आबा, पुढचा सैल पडत नाहीये."

आबांनी डोळे उघडले. "खरंच की. उतरताना आपलं वजनच गुडघा वाकवतं. पुढच्या स्नायूने त्याला अडवायचं, ताठ राहून हळूहळू लांबत जायचं. तोच ब्रेक. चुकलोच मी."

"विहिरीत कळशी सोडताना दोर सोडतो तसं," शर्वाणी म्हणाली. "बजाबा, मांडीच्या पुढच्या स्नायूच्या दोऱ्या एकदम सोडू नकोस. ताणून धर, थोड्या थोड्या सोड."

बजाबाने पाय खाली टाकला. मागचा गुडघा थरथरला, पण टिकला. मग दुसरी पायरी. त्याच्या मांडीवर हात ठेवून शर्वाणी शेवटपर्यंत बाजूने उतरली, आणि दवाखान्याच्या दारात डॉक्टरांनी आबांना ताब्यात घेतले.

सकाळी आबा उठून बसले. शर्वाणीच्या मांड्या ठणकत होत्या. ब्रेक इतका वेळ लावल्यावर दुखणारच. बाहेर बजाबा दवाखान्याच्या पायऱ्या पुन्हा पुन्हा उतरत होता.

"हे काय चाललंय?" आबांनी खिडकीतून विचारले.

"सराव," बजाबा म्हणाला. "पलीकडच्या वाडीला रोपवे नाही म्हणे. तिथलं कुणी आजारी पडलं तर?"