भिवराबाईचं थर्मामीटर

तानाजीला विहिरीतून वर काढलं तेव्हा त्याची कवटी मागून फुटलेली होती. उजव्या मांडीवर कोयत्याची वीतभर जखम, तीन-चार दिवसांची. तिच्यातून पू वाहत होता.

सहायक निरीक्षक रोहिणीने वाकून पाहिलं. मयताची बोटं वाकडी, सांधे गाठाळलेले.

"सांधेवात होता," तानाजीची बायको सत्यभामा म्हणाली. ती माजलगावकडच्या माहेराहून नुकतीच पोचली होती. "महिन्याला संभाजीनगरला भारी औषध द्यायचे सलाइनमधून. आठ दिवसांखालीच घेतलं."

धाकटा भाऊ विजयसिंह काठावर बसून रडत होता.

"कसं झालं?" रोहिणीने विचारलं.

"दादाला ऊस तोडताना कोयता लागला, मॅडम. दवाखान्यात चलत न्हवता. तीन दिवस तापानं फणफणला. मी सोता मोजला, एकशेचार. पहाटे बरळत उठला अन् पळाला. विहिरीतल्या दगडावर आपटला."

विहिरीशेजारच्या पंपघराची फरशी ओली होती. मोटार मात्र बंद होती.

दोघा भावांच्या याच रानात चार दिवसांपूर्वी परमेश्वर नावाचा ऊसतोड कामगार ट्रॅक्टरखाली मेला होता. नोंद अपघाताची होती.

गावची आशा कार्यकर्ती भिवराबाई रोहिणीला बाजूला घेऊन गेली.

"काल सांजच्याला मी गेलते. थर्मामीटर लावलं, अठ्ठ्याण्णव भरला. नीट बोलत होते. म्हणले, उद्या ठाण्यात जायचंय. तेवढ्यात विजयसिंह आला अन् मला दंडाला धरून भाईर काढलं."

हवालदार शहादेव हसला. "एवढ्या पुवात ताप न्हाई? थर्मामीटर बिघडलंय, मॅडम."

रोहिणीने आरोग्य केंद्रात तापाने कुडकुडणाऱ्या एका पेशंटला तेच थर्मामीटर लावलं. एकशेतीन. केंद्रातल्या थर्मामीटरनेही तेवढाच दाखवला. मग तिने संभाजीनगरच्या डॉक्टरांना फोन केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने सगळ्यांना ठाण्यात बोलावलं.

"जंतू शिरले की शरीरातल्या पेशी निरोप सोडतात," ती म्हणाली. "त्यातला एक इंटरल्युकिन-सिक्स. तो मेंदूपर्यंत पोचला की अंग तापतं. तानाजींचं शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उलटलं होतं. त्यांना दिलेलं औषध हाच निरोप अडवतं. सांध्यांना आराम पडतो, पण जखम कुजली तरी ताप बहुधा चढत नाही. माणूस आतून सडत असतो आणि कपाळ गार लागतं."

"बहुधा म्हणता," विजयसिंह म्हणाला. "म्हंजे चढूबी शकतो."

"शकतो. पण भिवराबाईंनी मोजला तेव्हा नव्हता, आणि तू म्हणतोस तीन दिवस एकशेचार होता. पू बघितल्यावर कुणीही ताप धरूनच चालणार, हे तुला ठाऊक होतं. तुझ्या गोष्टीत तापाशिवाय बरळणं नाही, आणि बरळल्याशिवाय विहीर नाही. पोस्टमॉर्टेममध्ये फुप्फुसात पाणी सापडलं नाही. पाण्यात पडण्याआधीच ते मेले होते. काल संध्याकाळी पंपघराची झडती घेतली. फरशी तू धुतलीस, पण मोटारीखालच्या लोखंडी पान्यावर रक्त होतं, केस होते."

"कावून मारीन मी माझ्या भावाला?"

"परमेश्वर मेला त्याच सुमारास त्यांना कोयता लागला, आणि ते त्याबद्दल जबाब द्यायला ठाण्यात येणार होते म्हणून."

विजयसिंहाने खुर्ची उचलून भिवराबाईवर फेकली. तिच्या कपाळातून रक्त आलं. शहादेवने त्याला भिंतीवर दाबलं, तरी तो लाथा झाडतच होता. "एका तोडकऱ्यापायी सख्खा भाऊ मला फासावर देणार होता," तो ओरडला.

सत्यभामा उठली. पदराने भिवराबाईच्या कपाळाचं रक्त दाबून धरत ती म्हणाली, "मला फोनवर सांगितलं होतं त्यांनी. मी भ्याले होते, मॅडम. आता लिहून घ्या. परमेश्वरनं आजारी बायकोसाठी सुट्टी मागितली. भावजींनी त्याला दांड्यानं हाणलं. खाली पडला, तवा अंगावर ट्रॅक्टर घातला. हे मधी गेले अन् भावजींनी यांच्या मांडीवर कोयता हाणला."

रोहिणीने कागद पुढे ओढला.

"नाव?"

"सत्यभामा तानाजी," ती म्हणाली. "अन् परमेश्वरच्या बायकोलाबी बोलवा. तिला अजून कुणी खरं सांगितलं न्हाई."