वन्नासच्या जागेवरून

सगळा दोष शादलीकाकांचा. वयाकडे बघून कुणी त्यावर पांघरूण घालायची गरज नाही.

स्फाक्स या बंदराच्या शहरातल्या खत कारखान्याशेजारच्या वस्तीने गॅसगळतीच्या तक्रारींसाठी साइट काढली होती. लिहिणारे बहुतेक कारखान्यातलेच. नाव फुटलं की नोकरी गेली. म्हणून कॉलेज अर्धवट सोडलेल्या वज्दीने साइटच्या पुढे प्रॉक्सी सर्व्हर बसवला. दारावरचा मुका रखवालदारच तो: येणाऱ्याचा इंटरनेटवरचा पत्ता पुसायचा आणि मगच निरोप आत सोडायचा.

त्या दुपारी अख्खी वस्ती झोपली होती. वज्दी नेहमीसारखा सर्व्हर तपासायला वस्तीच्या रहिवासी संघाच्या ऑफिसात आला. पंखा कण्हत होता. बाल्कनीत वाळत टाकलेल्या ऑक्टोपसांचा खारट, जड वास खोलीत भरून राहिला होता.

"ती पत्ता पुसायची ओळ मी काढली हो," अध्यक्ष शादलीकाका कौतुकाने म्हणाले. पासवर्ड रजिस्टरात लिहायचा नियम त्यांचाच. "दारात आलेल्याला 'कोणाचा रे तू?' एवढंही विचारायचं नाही? ही काय रीत झाली?"

"काका... कधी काढलीत?"

"झाला आठवडा. कारखान्याच्या मॅनेजरसाहेबांनी लिहिणाऱ्यांच्या पत्त्यांची यादी मागितली, सगळ्यांना चहाला बोलावणार म्हणे. सकाळीच पाठवली. मला मक्केचं तिकीट देतायत कारखान्यातर्फे!"

"चहाला? अहो, एकशे चाळीस माणसं रस्त्यावर येतील! पोस्टात जन्मभर शिक्के मारलेत, एखादा स्वतःच्या डोक्यावर बसला का?"

त्याने यादी उघडली. एकशे चाळीस तक्रारी. पत्ता मात्र एकच... खाली गेला तरी तोच... अगदी शेवटपर्यंत तोच. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरचा.

"हा तर वन्नासचा..." वज्दी पुटपुटला. वन्नास संघाचा टायपिस्ट; दोन वर्षांपूर्वी गॅसनेच गेला. "पण त्या कॉम्प्युटरची नेटची केबल कुठाय?"

काकांनी बाल्कनीकडे बोट केलं. "ऑक्टोपस वाळत घालायला... दोरी नव्हती."

वारा पडलेला होता. तरी केबल हलली. आधी एक ऑक्टोपस, मग दुसरा, मग तिसरा, कुणी सावकाश टाइप करावं तसे थरथरत गेले. यादीत एकशे एक्केचाळिसावी ओळ उमटली.

'लिहा बिनधास्त. मी बसलोय.'

यादीत एकच पत्ता, त्यामुळे मॅनेजरच्या हिशेबी सगळ्या तक्रारी शादलीकाकांनीच ऑफिसात बसून लिहिल्या होत्या. एकाही कामगाराला हात लागला नाही. वज्दीने पुसायची ओळ परत घातली. ती केबल सोडायला मात्र आजवर कुणी धजावलेलं नाही.

शादलीकाकांचं मक्केचं तिकीट रद्द झालं.